दीड पाऊल

८ सप्टेंबर, सोमवार

मेल आला. तिसऱ्या तासाला स्टाफरूममध्ये बसले होते. दोनदा वाचला आणि मग इंग्रजी शिकवणाऱ्या भूपेंद्र सरांकडे मोबाइल दिला, कारण माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नाही. त्यांनीही तेच वाचलं. मुलींचं फुटबॉल, सतरा वर्षांखालील, आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी, पहिला टप्पा. सहायक रेफरी: वैजयंती महाजन, भारत.

रेफरी पूर्णिमाताई आहेत, इंदूरच्या. त्यांनी लगेच फोन केला. "पासपोर्ट सांभाळ, गुडघा सांभाळ आणि आजपासून एक वही ठेव. प्रत्येक मॅचनंतर जे खरं झालं ते लिहायचं." म्हणून ही वही. शाळेच्या बॅगेत राहते, कुणीही उघडू शकतं, आणि मेलवर गोपनीय असं लिहिलंय. म्हणून देशांची नावं लिहिणार नाही, जर्सीच्या रंगाने लिहीन.

पहिला टप्पा म्हणजे छोट्या देशांचे सामने. यातले एक-दोन संघ पुढे जातात, मोठ्यांशी खेळून बहुतेक हरतात. टीव्हीवर कुणी दाखवत नाही. पण राष्ट्रगीत वाजतं.

संध्याकाळी बहादरपूरला घरी आल्यावर जीवनला सांगितलं. (घरात नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते.) तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. म्हणाला, "बरं. ऑक्टोबरात केळीची कटाई हाये, माणसं पाह्यलं पाहिजे." बस. इतकंच.

सासूबाईंनी जास्त विचारलं. "तू तठे खेळशीन का?"

"नाही आई. मी रेषेबाहेर पळते. पुढची पोरगी बॉल यायच्या आधीच समोरच्या संघाच्या बचाववाल्या पोरीच्या पुढे जाऊन उभी राहिली, तर झेंडा वर करायचा. मग गोल झाला तरी धरत नाहीत. त्याला ऑफसाइड म्हणतात."

"म्हंजे गोल झाल्यावर नाही म्हणाचं काम," सासूबाई म्हणाल्या. "शिव्या खाशीन."

२१ सप्टेंबर, रविवार

फिटनेस टेस्ट परवा इंदूरला. पंच्याहत्तर मीटर पळायचं, पंचवीस चालायचं, असं चाळीस वेळा. शाळेच्या मैदानावर पाणी साचलंय. मागच्या आठवड्यात एका सकाळी बघितलं तर आपल्या केळीच्या वावराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा. बरोबर पंच्याहत्तरवर एक, त्यापुढे पंचवीसवर एक. जीवनला विचारलं तर म्हणे, "चुना उरला व्हता." नळीनं मोजलं म्हणाला, नळीचं बंडल शंभर मीटरचंच हाये.

मी पळते तेव्हा तो बांधावर बसून मोबाइल बघतो. मंडीचे भाव बघत असेल. टायमर लावायला सांगितला तर लावतो, नाही असं नाही. पण एकदाही विचारलं नाही की मॅच कुणाची, कुठे.

आडवं पळायचा सरावही केला, तोंड मैदानाकडे आणि पाय बाजूला. शेजारच्या वावरातल्या बायका काम सोडून बघत बसल्या.

२३ सप्टेंबर

पास. चाळीसच्या चाळीस. अडतिसाव्याला वाटलं होतं संपलं.

४ ऑक्टोबर, शनिवार. मुंबई विमानतळ

घरून निघताना सासूबाईंनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी दिली होती. मी ती बॅगेतून काढून ठेवताना त्यांनी पाहिलं. 

जीवन बुरहानपूर स्टेशनवर सोडायला आला. गाडीला उशीर होता. आम्ही दीड तास बाकावर बसलो. तो म्हणाला, "तठे थंडी असंन." मी म्हटलं, असेल. पाच वर्षं झाली लग्नाला, आणि दीड तासात हेच बोलणं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "शेवटून दुसऱ्या डिफेंडरवर नजर ठेव." शेवटची म्हणजे गोलकीपर, तिच्या आधीचीवरून ऑफसाइडची रेषा ठरते; पण याचं कुठूनतरी ऐकलेलं वाक्य असणार. हसू आलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिली मॅच. निळे विरुद्ध पांढरे. ३–०. माझ्या बाजूला अकरा वेळा ऑफसाइडचा प्रश्न आला. चार वेळा फ्लॅग. सगळे बरोबर. असेसर बाई, म्हणजे आम्हा रेफरींना गुण देणाऱ्या, कुठल्या तरी अरब देशातल्या आहेत, कमी बोलतात. मीटिंगमध्ये मला गुण दिले ८.४. अपेक्षेप्रमाणे चांगलं, असा त्याचा अर्थ. ७.९ किंवा खाली म्हणजे एक मोठी चूक झाली. पूर्णिमाताईंना ८.५.

जेवताना पूर्णिमाताई म्हणाल्या, "ही फेरी नीट गेली तर पुढच्या टप्प्याला आपल्याला टीम म्हणूनच नेतात. मोठी स्टेडियम." त्या एकेचाळीस वर्षांच्या आहेत. बावीस वर्षं शिट्टी वाजवतायत. पुढच्या टप्प्यापर्यंत एकदाही पोचल्या नाहीत. हे त्यांनी स्वतः नाही सांगितलं, पलीकडच्या लाइनवरच्या दुसऱ्या सहायक मुलीनं सांगितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी मॅच. पिवळे विरुद्ध हिरवे. गटातली शेवटची. बरोबरी झाली तर पिवळे पुढे, जिंकले तरच हिरवे पुढे.

जे झालं ते लिहिते. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला १–१. पिवळ्यांचा हल्ला हिरव्यांनी तोडला आणि बॉल एकदम उलटा आला. मी मध्यरेषेपाशी होते, पळाले. हिरव्यांच्या मधल्या पोरीनं लांब पास दिला. त्यांचीच चौदा नंबर माझ्या बाजूने धावत होती, पिवळ्यांची शेवटची डिफेंडर पलीकडच्या बाजूला. चौदा नंबर पुढे दिसली. गोल झाला. मी फ्लॅग वर केला.

हेडसेटमध्ये पूर्णिमाताई म्हणाल्या, "वैजयंती, नक्की?"

मी म्हटलं, "नक्की."

गोल रद्द. मॅच १–१ संपली. हिरवे बाहेर.

चौदा नंबर गोल करून माझ्याच कोपऱ्याकडे पळत आली होती. फ्लॅग दिसल्यावर थांबली. वाद घातला नाही. मला काहीतरी विचारलं, तिच्या भाषेत. मी समोर बघत राहिले, तसंच शिकवलंय. तिच्या एका पायाचा मोजा खाली आला होता.

मीटिंगमध्ये असेसर बाईंनी ती क्लिप चार वेळा बघितली. मुख्य कॅमेरा मैदानाच्या मध्यावर, त्यातून रेषा कळत नाही. त्या म्हणाल्या, जागा अजून चांगली घेता आली असती, पण निर्णय चूक होता असं म्हणायला पुरावा नाही. ८.४ कायम.

म्हणजे ठीक आहे. असा एकदम उलटा बॉल आला की पळताना सगळेच थोडे मागे राहतात. आणि पुढे दिसली म्हणजे दिसली.

जीवनचा फोन आला. त्यानं इंटरनेटवर मॅच बघितली म्हणे, केळी भरायला आलेल्या माणसांसोबत, एका मोबाइलवर. "जेवली का?" जेवले. "तो फ्लॅग... तुले तठून दिसलं का बरोबर?" मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतं. तो म्हणाला, "तेही खरं." मग कटाईचं सांगत बसला, सत्तर क्विंटल गेली म्हणे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नाश्त्याच्या आधी मोबाइलवर हिरव्यांच्या देशातल्या कुणीतरी टाकलेली क्लिप सापडली. शोधत होते म्हणून सापडली. कोपऱ्याजवळच्या गॅलरीतून, मोबाइलवर काढलेली. बघणारे एकशे साठ. योगायोगानं तो माणूस अगदी रेषेत बसला होता. पास सुटतो तिथे थांबवलं. चौदा नंबर मागे आहे. चांगली हातभर मागे. आणि मी दिसते, रेषेपासून दीड पाऊल मागे, पळता पळता.

मी अंदाज केला होता. हे मला काल संध्याकाळीही माहीत होतं, वर लिहिलं नाही. शंका असेल तर फ्लॅग खाली ठेवायचा, पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला शंका होती आणि मी नक्की म्हटलं.

पूर्णिमाताई टेबलावर एकट्या होत्या. क्लिप दाखवली. त्यांनी एकदाच बघितली आणि मोबाइल उलटा ठेवला.

"चहा घे," म्हणाल्या.

"ताई, मी असेसर बाईंना सांगते."

"काय सांगशील? मॅच संपली. निकाल बदलत नाही. त्या मुली काल रात्रीच्या विमानानं गेल्या."

"मी अंदाज केला होता."

"सगळे करतात. बावीस वर्षांत मी किती केले असतील." मग मोबाइल माझ्याकडे सरकवत: "मला लांबून ती डिफेंडरच्या बरोबरीत, म्हणजे ऑनसाइड वाटली होती. म्हणून तर तुला विचारलं. पण लाइन तुझी. तू नक्की म्हटलंस, मी शिट्टी वाजवली. आता तू जाऊन सांगितलंस तर ते फक्त तुझं राहत नाही, वैजयंती. कळतंय ना?"

कळत होतं. मी चहा प्यायले. सव्वा दहाला असेसर बाईंच्या खोलीचं दार वाजवलं.

इंग्रजी धड आलं नाही. मी म्हटलं, मी रेषेत नव्हते, मी अंदाज केला, रेफरीनं विचारल्यावर खोटं सांगितलं. क्लिप दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली. म्हणाल्या, ही मला कधीच दिसली नसती. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, मग का आलीस?  हिरव्यांच्या कोचला कळवाल का, असं मीच विचारलं. नाही म्हणाल्या, तसा नियम नाही. मग कागद काढला आणि माझ्यासमोर ८.४ खोडून ७.९ लिहिलं. पूर्णिमाताईंच्या रकान्यातही काही लिहिलं. मला दिसू नये म्हणून कागद तिरका धरला होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विमानात पूर्णिमाताईंनी डोळ्यांवर पट्टी लावली, साडेचार तास काढली नाही. मुंबईला सामान घेताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्यापुढे अजून दहा वर्षं आहेत." बॅग ओढत निघून गेल्या. मी पाया पडणार होते, राहिलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

गावात सत्कार. धनतेरसचा दिवस होता तरी गर्दी होती. शाल, नारळ. सरपंच म्हणाले, बहादरपूरच्या सुनेनं देशाचं नाव केलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. सांगावं असं मनात होतं. माइक हातात आल्यावर म्हटलं, सगळ्यांचा आशीर्वाद आहे. खाली बसले.

घरी येऊन जीवनला सगळं सांगितलं. तो वावरात निघाला होता, मीही सोबत गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग केळीच्या दोन खोडांकडे बोट दाखवून म्हणाला, "इठे उभी राह्य." एक खोड जवळ, एक दोन सऱ्या सोडून पलीकडे. "कोन्तं पुढं हाये?"

मी म्हटलं, जवळचं.

"आता दीड पाऊल पुढं हो." झाले. दोन्ही एका रेषेत होती. "मांगं राह्यलं का जवळचं खोड पुढं दिसतं. आम्ही लावनीच्या वक्ताले हेच पाहतो. मले मॅच पाहतानाच वाटलं का तू मांगं हायेस."

"मग फोनवर सांगितलं का नाही?"

"तू म्हनली, तुम्हाले काय कळतं."

मग त्यानं सांगितलं की महिनाभर तो बांधावर बसून ऑफसाइडचे व्हिडिओ बघत होता. हिंदीत भेटतात म्हणे. मी मंडीचे भाव समजत होते. मी पाइपचा कॉक बंद करायला गेले. तो बंदच होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

माहेरी नेपानगरला, मिलच्या कॉलनीत. पप्पा मिलच्या फुटबॉल टीममध्ये बॅक, म्हणजे बचावाला खेळायचे, शंकर बॅक म्हणून जुने लोक अजून ओळखतात. त्यांना वाटलं होतं मी पुढच्या टप्प्याला जाणार. सांगितलं तर रागावले.

"रेफरी चूक मानतच नसतो. मानायला लागला तर उद्या कोण ऐकेल त्याचं?"

अजय, माझा भाऊ, म्हणाला, "पप्पा, ग़लत तो था ना."

"ग़लत असू दे. त्या दुसऱ्या बाईचं काय? तिचं नुकसान हिनं केलं."

 तेच खरं आहे. जेवताना मम्मीनं माझ्या ताटात दोन करंज्या जास्त वाढल्या, आणि पप्पांनी तिसरी मागितल्यावर त्यांना नाही म्हणाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

पुढच्या टप्प्याची यादी आली. माझं नाव नाही, हे माहीत होतं. ताईंचं नाव दोनदा शोधलं. नाही. भारतातून कुणीच नाही.

ताईंना मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला: "ताई, माफ करा." दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही.

शाळेत आठवीच्या मुलींची मॅच घेतली. एकीनं विचारलं, "मॅडम, आप रोज इतने गुस्से में क्यों रहते हो?" मला माहीत नव्हतं की मी असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पूर्णिमाताईंचा फोन. मी वर्गाबाहेर पळाले.

"तीस तारखेला इंदूरला मुलींसाठी रेफरी कोर्स आहे," त्या म्हणाल्या. "मीच घेतेय. ऑफसाइडचं सत्र तू घे."

"मी?"

"ती क्लिप आहे ना तुझ्याकडे? डिलीट नाही ना केलीस?"

"नाही."

"ती आण." आणि लगेच पुढे, "मी वर्षाअखेर शिट्टी खाली ठेवतेय. तुझ्यामुळे नाही. गुडघ्यामुळे. तुझ्यामुळे चार महिने आधी, असं म्हण." हसल्या का नाही, फोनवर कळलं नाही. मग म्हणाल्या, "तू दार वाजवायला गेलीस त्या दिवशी मी जिन्यात उभी होते. तुला थांबवायला आले होते. थांबवलं नाही. का नाही, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. सकाळी नऊला पोच."

३० नोव्हेंबर, रविवार. इंदूरहून येताना, बसमध्ये

आदल्या दिवशीच जाऊन ताईंच्या घरी राहिले. त्यांच्या घरात एक मोठी मांजर आहे आणि बावीस वर्षांच्या शिट्ट्या एका बरणीत आहेत.  त्यांनी पोहे केले, मी कांदा चिरला.

कोर्सला सव्वीस मुली. खंडवा, देवास, उज्जैन, बऱ्याच इंदूरच्याच. मी आधी फळ्यावर आकृती काढली. जीवननं सांगितलेली दोन खोडं काढली, त्यांना ती लगेच समजली. पुस्तकातली आकृती मला स्वतःला कोर्समध्ये तीनदा बघून समजली होती.

मग क्लिप लावली, आधी मुख्य कॅमेऱ्याची. विचारलं, फ्लॅग? सोळा हात वर. मग गॅलरीतली लावली, पास सुटताना थांबवली.  एकजण म्हणाली, "अरे, ये तो ऑनसाइड है. साफ़ है."

"हो. आणि मागे ती दीड पाऊल राहिलेली दिसते ना, ती मी आहे."

काही मुली हसल्या, त्यांना वाटलं गंमत. मग हसायच्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. अंदाज, नक्की म्हणणं, आठ पॉइंट चार, दार वाजवणं. ताईंचं नाव घेतलं नाही. रेफरी म्हटलं फक्त.

तेव्हा शेवटच्या बाकावरून पूर्णिमाताई उभ्या राहिल्या. "रेफरी मी होते. मला शंका होती. तरी शिट्टी मी वाजवली. हेही लिहून घ्या." मुलींनी खरंच लिहून घेतलं. खाली मान घालून, सव्वीस जणी.

ताई बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या. मी पुढची क्लिप लावायला गेले.

कोमल नावाची एक मुलगी होती, देवासची, फार तर सोळा वर्षांची. तिनं हात वर केला. मला वाटलं नियमाबद्दल विचारेल.

"मॅडम, वो चौदा नंबर वाली लड़की? उसका क्या हुआ?"

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

ती अजून उभीच होती. सगळ्या वह्या उघड्या होत्या आणि कुणी काही लिहीत नव्हतं. मी परत म्हटलं, "मला माहीत नाही, बेटा." आणि मग ती बसली.